थंबनेल पुसताना मूळ फोटो कसे जपायचे

उदगीरच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या घरीच लग्नाचे अल्बम डिझाइन करतात. विंडोज १० चा कॉम्प्युटर, २५६ जीबीची एसएसडी आणि सोबत एक टीबीची जुनी हार्ड डिस्क. सी ड्राइव्ह लाल झाला आहे. फोल्डर उघडला की नवरीच्या फोटोच्या जागी दुसऱ्याच लग्नातला फोटो दिसतो. फोटोशॉप काम करता करता ‘स्क्रॅच डिस्क फुल’ म्हणून थांबतं. शेजारच्या मुलानं सांगितलं की नावाच्या शेवटी ‘डीबी’ असलेल्या सगळ्या फायली शोधून उडवा, थंबनेलचा, म्हणजे फोल्डरात दिसणाऱ्या फोटोच्या छोट्या चित्रांचा, कचरा तोच असतो. तसं करावं का, आणि हा कॉम्प्युटर दिवाळीनंतर भाच्याला द्यायचा आहे, तेव्हा काय काळजी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न.

ताई, शेजारच्या लेकराचा हेतू चांगला आहे, पण ते करू नका. डीबी म्हणजे डेटाबेस. थंबनेलच्या फायली डीबी असतात हे खरं, पण कितीतरी प्रोग्राम आपली खरी माहितीही त्याच प्रकारच्या फायलीत ठेवतात. सगळ्या ड्राइव्हवर डीबी शोधून एका झटक्यात उडवलं, तर थंबनेलसोबत कुठल्या सॉफ्टवेअरचा हिशोब, कुणाच्या नोंदी आणि कसला बॅकअप गेला हे आठ दिवसांनी कळतं.

लातूरला गंज गोलाईच्या मागच्या गल्लीत मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लग्नसराईत निम्मे ग्राहक स्टुडिओवाले. औशाकडचे एक जुने फोटोग्राफर एकदा संध्याकाळी मशीन घेऊन आले. म्हणाले, “सर, कॉम्प्युटर लई हळू चालूलालता म्हणून कचरा काढलो, आता केलेलं काम दिसंना गेलंय.” त्यांनी फोल्डरातल्या बारीक बारीक, दोन-चार केबीच्या फायली निरुपयोगी समजून पुसल्या होत्या. त्या एक्सएमपी फायली होत्या. रॉ फोटोवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलवर, आपण फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये जो उजेड, रंग, क्रॉप बसवतो तो मूळ फोटोत लिहिला जात नाही, शेजारच्या त्या चिमुकल्या एक्सएमपी फायलीत लिहिला जातो. फोटो सगळे शाबूत होते, पण तीन रात्री जागून केलेलं करेक्शन गेलं. रिसायकल बिनही त्यांनी रिकामा केला होता आणि त्याच डिस्कवर नंतर नवा डेटा टाकला होता. अर्धंच परत मिळालं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी एकच गोष्ट समजावतो, मग माउस हातात देतो.

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कॅशे म्हणजे पोहरा. कॉम्प्युटरनं एकदा आडातून उपसून जवळ आणून ठेवलेलं पाणी, म्हणजे दर वेळी खोल जावं लागू नये. पोहरा ओतून दिला तरी आड आटत नाही, फक्त पुढच्या वेळी परत उपसावं लागतं, तेवढा वेळ जातो. पण पोहरा समजून आडच बुजवला तर गाव बसलं. म्हणून कुठलीही फाइल पुसण्याआधी स्वतःला विचारा: ही मशीन स्वतःहून परत बनवू शकते का? थंबनेल बनवू शकते, कारण मूळ फोटो आहे. गेमच्या ग्राफिक्ससाठी जपलेला शेडर कॅशे (त्याचं पुढं सांगतो) बनवू शकते, कारण गेम आणि ड्रायव्हर आहे. ब्राउझरचं चित्र परत उतरवून घेऊ शकते, कारण ते साइटवर आहे. एक्सएमपीतलं तुमचं करेक्शन? ते तुमच्या डोळ्यांनी आणि हातांनी झालेलं आहे, मशीन ते कुठून आणणार? लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्येही हाच फरक: नावात प्रीव्ह्यूज असलेला एलआरडेटा फोल्डर परत बनतो, पण एलआरकॅट ही कॅटलॉगची फाइल म्हणजे तुमचं सगळं काम. कोरलड्रॉ जी ‘बॅकअप ऑफ’ नावाची प्रत करतं तीही कॅशे नाही. लाईट गेली आणि मूळ फाइल बिघडली तर तीच एक प्रत वाचवते.

आता तुमचं चुकीचं थंबनेल. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीच्या काळात विंडोज प्रत्येक फोल्डरात थंब्स डॉट डीबी नावाची लपलेली फाइल ठेवायचं. त्यानंतरच्या व्हिस्टापासून ती पद्धत बदलली आणि सगळी छोटी चित्रं एका ठिकाणी जाऊ लागली: सी ड्राइव्ह, युझर्स, तुमच्या नावाचा फोल्डर, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर. तिथं थंबकॅशे नावापुढं ९६, २५६, १२८० असे आकडे असलेल्या फायली दिसतील. तो आकडा म्हणजे चित्राचा आकार पिक्सेलमध्ये. सोबत एक इंडेक्सची फाइल असते, कुठल्या फोटोचं चित्र कुठं ठेवलंय याची यादी. आपल्याकडे वळवाच्या पावसात दिवसातून चार वेळा लाईट जाते. लिहिणं अर्धवट असताना मशीन बंद पडली की ही यादी आणि चित्रं यांचा मेळ सुटतो. मग एका लग्नाच्या नावावर दुसऱ्या लग्नाचं चित्र येतं. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरात मात्र थंब्स डॉट डीबी अजूनही तयार होते. दोन कॉम्प्युटर जोडलेल्या स्टुडिओत ‘फोल्डर डिलीट होत नाही, फाइल उघडी आहे’ असा मेसेज येतो तो बहुतेक तिच्यामुळे.

पुसण्याआधी खात्री करा, कारण प्रत्येक चुकीचं चित्र कॅशेचा दोष नसतं. फोटोवर डबल क्लिक करा. उघडल्यावर योग्य फोटो दिसला तर मूळ फाइल ठीक आहे, यादी बिघडली आहे. उघडल्यावरही दुसराच फोटो आला तर नाव बदलताना किंवा कार्डावरून कॉपी करताना घोळ झाला आहे, आणि कॅशे शंभर वेळा पुसून काही होणार नाही. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एका फोल्डरात टाकताना सारख्या नंबरच्या फायली एकमेकांवर बसतात, हे लग्नाच्या कामात मी फार पाहिलं आहे. अशा वेळी मूळ कार्ड फॉरमॅट करू नका, बाजूला काढून ठेवा. दुसरी एक चाचणी आहे. हा कॅशे प्रत्येक युझरचा वेगळा असतो. घरात दुसरं खातं असेल तर त्यातून तोच फोल्डर उघडा. तिथं सगळं नीट दिसलं म्हणजे दोष तुमच्या खात्याच्या कॅशेचा. याचाच दुसरा अर्थ असा की तुमच्या खात्यातून पुसलं तर मिस्टरांच्या किंवा मुलीच्या खात्यातलं तसंच राहतं.

आणि चित्र चुकीचं नसून मुळीच दिसत नसेल, नुसता आयकॉन येत असेल, तर फोल्डर ऑप्शन्समधल्या व्ह्यू टॅबवर ‘नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल नको’ या अर्थाची पहिलीच खूण कुणीतरी लावलेली असते, ती काढा. आयफोनचे एचईआयसी फोटो आणि कॅमेऱ्याच्या रॉ फायली दिसण्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली एक्स्टेन्शन लागतात. पीएसडीचं, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलचं, थंबनेल विंडोज स्वतःहून दाखवतच नाही. या तिन्ही तक्रारी घेऊन लोक ‘कॅशे खराब झाला’ म्हणून येतात.

पुसायची पद्धत सोपी आहे. फोटोशॉप, फोटो बघायचा ब्रिज, सगळं बंद करा. सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. यादी तयार व्हायला वेळ लागतो, हार्ड डिस्क जुनी असेल तर चहा होईल इतका. यादी आली की घाई करू नका, एकेक ओळ वाचा. थंबनेल्सवर खूण करा. डायरेक्टएक्स शेडर कॅशेवर हवी तर करा, त्याचं पुढं सांगतो. याच यादीत डाउनलोड्स नावाची ओळ असते. तिच्यावर खूण कधीही करू नका. तुमच्याकडे ग्राहक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, तुम्ही कॉम्प्युटरवर ते उतरवता, आणि ते सगळे तिथंच पडून असतात. ‘टेम्पररी’ या शब्दाखाली डाउनलोड्स पाहून कितीतरी लोकांनी निवडीचे फोटो घालवले आहेत. स्टोरेज सेन्स नावाची आपोआप सफाईची सोयही तपासा. त्यात ‘इतके दिवस न उघडलेल्या डाउनलोड्समधल्या फायली काढून टाक’ अशी निवड असते, ती ‘नेव्हर’वरच असू द्या. रिसायकल बिनची ओळही, एकदा आत डोकावल्याशिवाय नको.

जुनी डिस्क क्लीनअपही चालते: सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप. काम तेच. झालं की मशीन रीस्टार्ट करा. एक्सप्लोरर ती फाइल उघडी धरून बसलेला असतो, म्हणून कधी कधी रीस्टार्टनंतरच फरक दिसतो. नंतर तीन हजार फोटोंचा फोल्डर पहिल्यांदा उघडाल तेव्हा चित्रं एकेक करून हळूहळू येतील, विशेषतः हार्ड डिस्कवरच्या फोल्डरात. ते बिघाड नाही, पोहरा परत भरतोय. तो भरेपर्यंत फोल्डर बंद करू नका आणि मशीनचं बटण तर अजिबात दाबू नका.

पण जागेसाठी म्हणाल, तर थंबनेल पुसून तुमचा लाल सी ड्राइव्ह निळा होणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मशीनवर हा कॅशे बहुधा काही शे एमबीचा निघतो, फार तर जीबीच्या आसपास. तुमचा खरा त्रास फोटोशॉपचा आहे, आणि तिथं जरा थांबून बघायला हवं.

फोटोशॉपला रॅम पुरली नाही की ते डिस्कवर स्क्रॅच फाइल बनवतं. १२ बाय ३६ इंचांचं एक पान, वर वीस-तीस लेयर आणि हिस्टरीच्या पायऱ्या, म्हणजे ही फाइल सहज अनेक जीबीची होते. प्रोग्राम नीट बंद केला तर ती आपोआप जाते. लाईट गेली किंवा फोटोशॉप अडकून बंद पडलं तर ती तशीच मागे राहते, आणि पुढच्या वेळी नवी बनते. वर्षभरात अशा कितीतरी साठतात. त्या बघायच्या तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, लगेच इंग्रजीत टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर. आकारानुसार लावा. ‘फोटोशॉप टेम्प’ आणि पुढं आकडे, अशा नावाच्या मोठ्या फायली वर दिसतील.

त्या पुसण्याआधी मात्र एकदा फोटोशॉप उघडा. मधे काम अर्धवट राहिलं असेल तर ते ‘रिकव्हर्ड’ असं लिहून पान समोर आणतं. ही आपोआप जपलेली प्रत वेगळ्या फोल्डरात असते आणि मूळ सेटिंगप्रमाणे दर दहा मिनिटांनी लिहिली जाते. पान आलं तर ते नव्या नावानं सेव्ह करा, फोटोशॉप पूर्ण बंद करा, मग टेम्पमधल्या त्या मोठ्या फायली काढा. एखादी ‘वापरात आहे’ म्हणाली तर सोडून द्या, जबरदस्ती नको.

फोटोशॉप उघडतच नसेल, सुरुवातीलाच स्क्रॅच डिस्क भरली म्हणत असेल, तर ते सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा. स्क्रॅच डिस्क कुठली वापरायची हे विचारणारी चौकट येते. एरवी हीच निवड एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्समध्ये आहे. तुमच्याकडे एसएसडी २५६ जीबीची आणि विंडोजही तिच्यावरच, म्हणून दुसऱ्या हार्ड डिस्कवरही खूण करून ठेवा. हार्ड डिस्क हळू आहे हे खरं, पण ऐन मुहूर्ताच्या आदल्या रात्री काम अडण्यापेक्षा हळू चाललेलं बरं. एक गैरसमज सांगतो: एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केले तर वेग वाढत नाही, जागा फक्त वाटली जाते. डिस्क खरोखर वेगळी हवी.

काम चालू असताना अडकलात तर एडिट मेन्यूत पर्ज आहे. तिथून हिस्टरी आणि क्लिपबोर्ड रिकामे करता येतात, लगेच जागा मोकळी होते. पण त्यानंतर मागच्या पायऱ्यांवर परत जाता येत नाही, म्हणून आधी सेव्ह. कॅमेरा रॉच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली ‘पर्ज कॅशे’ आहे, ब्रिजमध्येही तशी सोय आहे. दोन्ही बिनधास्त वापरा, ते पोहरेच आहेत. कुणी प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रामवर लग्नाचा व्हिडिओ करत असेल तर त्याचा मीडिया कॅशे या सगळ्यांपेक्षा मोठा निघतो. तोही प्रेफरन्सेसमधूनच पुसायचा, फोल्डर शोधून हातानं नाही.

अजून एक जागा बघा, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही: डेस्कटॉप. डेस्कटॉपवर ठेवलेला प्रत्येक फोल्डर सी ड्राइव्हवरच असतो. उदगीरची चार लग्नं डेस्कटॉपवर असतील तर कुठलाही कॅशे पुसून जागा होणार नाही. ते फोल्डर हार्ड डिस्कवर आधी कॉपी करा, दोन-चार फोटो तिथून उघडून बघा, मगच डेस्कटॉपवरचे काढा. कट करून नेऊ नका. मधेच लाईट गेली तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे होतात. सी ड्राइव्हवर निदान चाळीस-पन्नास जीबी मोकळी राहील असं बघा.

शेडर कॅशेबद्दल थोडक्यात. गेम किंवा थ्रीडी प्रोग्राम ग्राफिक्स कार्डाला ज्या सूचना देतो त्या त्या कार्डाच्या भाषेत उतरवून घ्याव्या लागतात. एकदा उतरवल्या की विंडोज आणि एनव्हिडिया किंवा एएमडीचा ड्रायव्हर त्या जपून ठेवतात. ड्रायव्हर अपडेट केल्यावर गेममध्ये रंगीत चट्टे किंवा चमकणारे त्रिकोण दिसू लागले, तर हा कॅशे पुसणं पहिला उपाय. नंतर पहिल्या काही मिनिटांत गेम अडखळतो, कारण सगळं परत उतरवलं जातं. त्रास नसेल तर त्याला हात लावू नका. मुलं दर आठवड्याला पुसतात आणि मग गेम अटकतो म्हणून तक्रार करतात.

ब्राउझरचंही तसंच. लेकीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर नवा फोटो टाकला तरी जुनाच दिसतो, अशी तक्रार निकालानंतरच्या दिवसांत रोज येते. आधी त्या पानावर कंट्रोल आणि एफ ५ दाबा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर कंट्रोल, शिफ्ट, डिलीट. येणाऱ्या चौकटीत फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर खूण ठेवा. कुकीजवरची काढा, नाहीतर सगळ्या ठिकाणची लॉगिन जातील. पासवर्डवर तर चुकूनही नको.

एका क्लिकमध्ये सगळं साफ करतो म्हणणारी ॲप घेऊ नका. ती काय पुसतात हे तुम्हाला दिसत नाही, आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून घरच्या मशीनचा वेग वाढलेला मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. मोडलेली विंडोज मात्र पाहिली आहे. त्या पैशांत छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी, घ्या. तुमच्या चुकीच्या थंबनेलचं मूळ कारण तोच थांबवेल.

राहिला भाच्याचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फोटो पुसला तरी त्याचं थंबनेल कॅशेत मागे राहू शकतं. मूळ फोल्डर गेला, रिसायकल बिन रिकामा झाला, तरी माहीतगार माणूस त्या थंबकॅशेच्या फायलीतून छोटी चित्रं बाहेर काढू शकतो. आणि १२८० पिक्सेलचं चित्र तितकं छोटंही नसतं, चेहरा स्पष्ट ओळखू येतो. तुमच्याकडे लोकांच्या लेकी-सुनांचे, हळदीचे, घरातले फोटो आहेत. ते त्यांनी विश्वासानं दिलेत. तेव्हा देण्याआधी आधी तुमचा सगळा डेटा दोन ठिकाणी कॉपी करा आणि उघडून तपासा. मूळ फोटोंची हार्ड डिस्क शक्य असेल तर मशीनमधून काढूनच ठेवा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. पुढच्या पायरीवर ‘चेंज सेटिंग्ज’ उघडून ‘क्लीन डेटा’ चालू करा, नाहीतर फायली वरवर पुसल्या जातात. हार्ड डिस्क आतच असेल तर ‘सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली’ विचारणारी निवड दोनदा वाचा. याला काही तास लागतात, म्हणून सकाळी लाईट स्थिर असताना लावा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. भाचा त्यावर बँकेचं किंवा फॉर्मचं काम करणार असेल तर ती मशीन विंडोज ११ घेऊ शकते का हे त्याच वेळी तपासून घ्या.